रिमवर्ल्ड: खत नाही, आधी पॅक बघा

'रिमवर्ल्ड' या वसाहत उभारायच्या व्हिडिओ गेमवरच्या एका लेखात पीक मरण्याचं खापर जमिनीच्या कमी सुपीकतेवर फोडलंय. 'बायोटेक' या गेमच्या विस्तारात (एक्स्पान्शनमध्ये) तसं नाही. जमिनीच्या प्रदूषित चौकटीत साधा भात, मका टिकतच नाही. तिथे प्रदूषित जमिनीतही वाढणारा टॉक्सीपोटॅटोच लावावा. खरा गुन्हेगार म्हणजे मेक-रिचार्जरमधून (यंत्रमानव चार्ज करायच्या यंत्रातून) निघणारे विषारी कचऱ्याचे पॅक. गोठवले नाहीत तर ते विरघळून आजूबाजूची जमीन नासवतात, वर विषारी वायूही सोडतात. म्हणून शेतापासून लांब, शून्याखाली तापमान असलेली बंद खोली करा. कूलर बंद पडला की संपलंच, त्यामुळे विजेला बॅटरीचा आधार हवाच. नासलेल्या जमिनीवर प्रदूषण-सफाईचा पट्टा आखा, पण त्यातूनही नवे पॅकच निघतात! जागा असेल तर प्रदूषण शोषणारी पॉलक्सची झाडं राखा, तोडू नका. गेममधल्या शेजारच्या गटांकडे कचरा फेकलात तर ते चिडतात.