कॉलेज 'डिजिटल' करायचंय? मग या टिप्स घ्या, फुकट आहेत

आपलं कॉलेज डिजिटल झालंय हे आता सगळ्यांनी मान्य केलंय, फक्त नेमकं काय केलं की डिजिटल दिसतं हे अजून काही लोकांना कळलेलं नाही आणि ते बिचारे अजूनही वर्गात जाऊन शिकवत बसतात. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितोय. पोरांनीही वाचायला हरकत नाही, नाहीतरी लेक्चरला मोबाईलच बघताय.

सर, मॅडम, सगळ्यात आधी मोबाईलमध्ये ते जीपीएसवालं कॅमेरा ॲप टाकून घ्या, ज्याच्यात फोटोवर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं छापून येतं. नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो, त्यामुळे कार्यक्रम होणं हा कार्यक्रमातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे हे एकदा डोक्यात फिट करा. बॅनर छापताना वर्ष टाकू नका. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, तारखा काय बदलत नाहीत, बॅनर गुंडाळून कपाटावर ठेवला की पुढच्या वर्षी परत टांगता येतो, प्रमुख पाहुणे पण साधारण तेच असतात. पोरं कमी असतील तर पहिल्या दोन रांगा भरा आणि फोटो जमिनीलगत बसून काढा म्हणजे मागची रिकामी बाकं दिसत नाहीत. वृक्षारोपणाला एका रोपाला सात जणांनी हात लावावा, रोप अजून कुंडीत असलं तरी चालतं. फक्त अपलोड करायच्या आधी फोटोवरचा पत्ता एकदा वाचा, कारण ॲप कधी कधी जवळच्या प्रसिद्ध जागेचं नाव उचलतं, आणि आपल्याकडे कॉलेजच्या शेजारी प्रसिद्ध म्हणजे काय असतं तुम्हाला माहितीये. 'संशोधन पद्धती कार्यशाळा' आणि खाली परमिट रूमचा पत्ता, असा पुरावा डाटा तपासणाऱ्याला समजावून सांगणं जरा अवघड जातं.

तासिका तत्त्वावरच्या मंडळींना वेगळं काही सांगायची गरज नाही. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कॉम्प्युटर येतो, त्यामुळे नॅकला दरवर्षी पाठवायचा अहवाल, म्हणजे एक्यूएआर, सगळा तुम्हीच भरणार. पगार तासावर आहे आणि हे काम तासात धरत नाहीत. एवढं मात्र करा, फाईलला नाव देताना 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन सरांनी सांगितल्याप्रमाणे' असंच देत चला. तारखेप्रमाणे नावं दिली तर कुणालाही फाईल सापडेल आणि मग तुम्हाला रात्री साडेदहाला फोन कोण करणार?

आता प्रोजेक्टर. तुमच्या नवीन लॅपटॉपला एचडीएमआय, वर्गातल्या प्रोजेक्टरला जुनी निळी व्हीजीए पिन, मधला कन्व्हर्टर कपाटात, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे, मामा बँकेत. हे आधी बघून ठेवायचं नाही. तास सुरू झाल्यावरच बघायचं, वीस मिनिटं आरामात निघतात, आणि 'टेक्निकल प्रॉब्लेम' असं म्हटलं की कुणी काही बोलत नाही उलट सहानुभूती मिळते. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं की स्क्रीन कुठे दाखवायची ते विचारतं आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं, पण हे मागच्या बाकावरच्या कुणाला तरी माहीत असतंच आणि तो बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. पीपीटी सुरू झालीच तर स्लाईडवर पुस्तकाचं अख्खं पान असू द्या, फॉन्ट बारीक, आणि वाचून दाखवा. पोरं फोटो काढतात, पुन्हा कधी उघडत नाहीत, दोन्ही बाजूंना शांतता.

मराठी विभागाला खास सूचना. युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या मराठीच्या, नादी लागू नका. तुमचा तो जुना फॉन्ट, जो फक्त विभागातल्या एकाच कॉम्प्युटरवर आहे, तो प्राणपणाने जपा. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा सडा दिसतो, याला लोक अडचण म्हणतात, मी सुरक्षा म्हणतो. प्रश्नपत्रिका फुटली तरी वाचता येत नाही! फाईल पीडीएफ करून पाठवली की अक्षरं जशीच्या तशी राहतात, पण मग ही सगळी तटबंदीच पडली ना.

पोरांनो, तुमच्याकडे वळतो. असाईनमेंटसाठी चॅटजीपीटी वापरा, 30 नोव्हेंबर 2022 ला आलं तेव्हापासून तुमचे सीनियर वापरतायत आणि त्यांचं काही अडलेलं नाही. हाताने लिहून आणा असं सर म्हणतील. काही हरकत नाही, हाताने उतरवा, हिरव्या स्केचपेनने मुद्दे अधोरेखित करा, समास सोडा, आणि उतरवताना वाचायची चूक तेवढी करू नका. म्हणजे मग पहिल्या ओळीत सुंदर मोत्यासारख्या अक्षरात 'नक्कीच! तुमच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर खालीलप्रमाणे' असं येतं आणि शेवटी, लाल शाईने चौकट केलेलं, 'हवं असल्यास मी हे अधिक सोप्या भाषेत देऊ शकतो'. सरांनी त्याच्याखाली सही करून दहापैकी आठ दिलेले असतात. दोन कशाचे कापले ते विचारायला जाऊ नका, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

आणि सर, पोरांचं मशीनचं लिखाण पकडायला तुम्ही कुठलं तरी डिटेक्टर शोधणार हे मला माहितीये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपन एआयने स्वतःचंच डिटेक्टर जुलै 2023 मध्ये बंद केलं कारण ते नीट ओळखत नव्हतं. पण त्यांचं सोडा, तुम्ही एखाद्या फुकट साईटवर टाका, ती 92 टक्के सांगेल, मग ज्या एका पोरीने खरंच रात्री जागून स्वतः लिहिलंय तिला सगळ्यांसमोर झापा. गुगल डॉक्समध्ये लिहायला लावलं तर व्हर्जन हिस्टरीत कुणी कधी किती टाईप केलं आणि कुठे एकदम दोन पानं पेस्ट झाली ते दिसतं. ते कशाला उघडताय, वेळ जातो त्याच्यात. दोन प्रश्न तोंडी विचारले तरी कळतं म्हणा, पण मग तुम्हालाही ती असाईनमेंट वाचावी लागेल.

पीएचडीवाल्यांना एकच सांगतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमाप्रमाणे प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर काही कारवाई नाही. याचा अर्थ विचार स्वतःचा पाहिजे असा काढणारे लोक आहेत, त्यांच्यापासून लांब रहा. 'आणि' काढून 'तसेच' घाला, 'महत्त्वाचे' काढून 'मोलाचे' घाला, साम्य साडेनऊवर आलं की थांबा आणि ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टला लॅमिनेशन करून घ्या.

हजेरीला आता क्यूआर कोड आलाय. फार सोयीचं झालं, पूर्वी प्रॉक्सी लावायला आवाज बदलावा लागायचा, आता कोडचा फोटो 'विदाउट सर' ग्रुपवर टाकला की होस्टेलवर पांघरुणात असलेली अख्खी रूम हजर होते. बाकी ग्रुप कसे ठेवायचे हेही शिका. 'ऑफिशियल' ग्रुपवर सुट्टीची नोटीस आली की एकशे दहा जणांनी 'ओके सर' लिहायचं म्हणजे नोटीस वर निघून जाते आणि मग एकशे अकरावा विचारतो, सर उद्या सुट्टी आहे का. सरांसाठी पण एक आहे, प्राचार्यांबद्दलचा व्हॉइस मेसेज चुकून ऑफिशियल ग्रुपवर गेला तर घाबरून 'डिलीट फॉर मी' दाबा. म्हणजे तो फक्त तुम्हाला दिसत नाही, बाकी सगळे ऐकतात. ते परत फिरवायला व्हॉट्सॲप पाच सेकंद देतं, तेवढ्यात घाम पुसून होतो.

पण खरी मजा पोर्टलवर. एबीसी आयडी, म्हणजे पोरांचे क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा नंबर, काढायचाय, डिजिलॉकर म्हणतं आधारला लिंक असलेल्या नंबरवर ओटीपी पाठवलाय. तो नंबर वडलांचा. वडील शेतात, लाईट रात्रीची असल्यामुळे रात्री पाणी धरून आत्ता बांधावर झोपलेत, मोबाईल घरी चार्जिंगला, आईने उचलला तर ती म्हणते इंग्रजीत काहीतरी आलंय, आकडे सांग म्हटलं की तारखेचे आकडे सांगते, बरोबर आकडे मिळेपर्यंत ओटीपी संपलेला. मग क्लार्क म्हणणार, "एवढं साधं जमत नाही का तुम्हाला?" आणि तीच सगळी माहिती, नाव, विद्यापीठाचा पीआरएन नंबर, आधार, जात, मोबाईल, अजून एका गुगल फॉर्ममध्ये भरायला सांगणार, कारण आधीचा फॉर्म दुसऱ्या मॅडमच्या आयडीवर होता आणि त्या आता प्रसूती रजेवर आहेत. आधारला स्वतःचा नंबर जोडायला जवळच्या आधार केंद्रावर एक चक्कर पुरते, पण तेवढी चक्कर कोण मारतं, वडील आहेत ना.

आणि कुठलाही फॉर्म शेवटच्या तारखेच्या आधी अजिबात भरू नका, स्कॉलरशिपचा असो की परीक्षेचा. लवकर भरला तर सर्व्हर चालू असतो, फॉर्म पहिल्याच झटक्यात जातो आणि सायबर कॅफेवाल्याचं पोट कशावर चालायचं? शेवटच्या रात्री सगळे मिळून बसा, पैसे कटतील, फॉर्म पेंडिंग दाखवेल, अकरा वाजता मुदतवाढीची अफवा येईल, पत्रक कुणाकडेच नसेल. मुदतवाढ आली तर उत्तम, नाही आली तर विलंब शुल्क आहे, त्यानंतर अतिविलंब शुल्क आहे, विद्यापीठाने कुणाला उपाशी ठेवलेलं नाही. ऑनलाईन पैसे भरलेत त्याचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा, ऑफिसमध्ये त्याच्या झेरॉक्सच्या दोन प्रती लागतात, एकीवर विभागप्रमुखांची सही.