आल्प्सची कुरणं 'माणसाचा हात न लागलेली' नाहीत, प्लीज हा फॉरवर्ड थांबवा

गेले दोन आठवडे एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर तर चार वेळा येऊन गेला. स्वित्झर्लंडमधल्या हिरव्यागार उताराचा फोटो आणि खाली मजकूर की बघा, हा माणसाचा हात न लागलेला निसर्ग, एवढ्या उंचीवर आदिमानव कधी फिरकलाच नाही, आणि फिरकला असता तरी दगडी हत्यारांनी डोंगराचं काय बिघडणार, म्हणून आता तिथून माणसं-गुरं हटवली की सगळं आहे तसंच टिकेल. फोटो खरंच सुंदर आहे. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून ती कुरणं घडवली त्यांनाच या मजकुराने पुसून टाकलंय, आणि ते मला सहन होत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

"कधी फिरकलाच नाही" हे आधी घेऊ. ओट्झी माहीत असेल, १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर ३२१० मीटरवर बर्फात सापडलेला माणूस, साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा. अंगावर शेळ्यामेंढ्यांच्या कातड्याचे कपडे, जवळ तांब्याची कुऱ्हाड, पोटात रानबकऱ्याचं आणि हरणाचं मांस, शिवाय जुन्या जातीचा गहू. तो मेंढपाळच होता असं बरेच जण ठामपणे सांगतात, त्याला तसा भक्कम पुरावा नाही, ते सोडून देऊ. पण वर जाणारा तो एकटा नव्हता ना! २००३ च्या कडक उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या श्नीडेयोख खिंडीत, २७५६ मीटरवर, बर्फ वितळला आणि धनुष्य, बाण, चामड्याचे कपडे असं बरंच काही बाहेर आलं, त्यातल्या सगळ्यात जुन्या वस्तू ओट्झीच्याही हजारेक वर्षं आधीच्या. आणि इटलीच्या डोलोमाइट्समध्ये मोंदेव्हाल दे सोरा इथे २१५० मीटरवर एका शिकाऱ्याला त्याच्या हत्यारांसकट पुरलेलं सापडलंय, तो तर मध्याश्मयुगातला (शेती-पशुपालन येण्याआधीचा काळ), म्हणजे शिकारीवर जगणारी माणसं तेव्हाच त्या उंचीवर वावरत होती.

आता मुख्य मुद्दा, "हात न लागलेला निसर्ग". आल्प्समध्ये एका उंचीनंतर थंडीमुळे झाडं उगवतच नाहीत, त्याच्या वरचं गवत नैसर्गिकच आहे आणि हिमलोट जिथून दरवर्षी कोसळतात ते उतारही आपोआपच उघडे राहतात, हे मी नाकारत नाहीये. पण फोटोत दिसतात तसली कुरणं बहुतेक त्या रेषेच्या खाली असतात, म्हणजे तिथे झाडं आरामात वाढू शकतात. बऱ्याच भागांत आज जंगल जिथे संपतं ती जागा हवामानाच्या हिशोबाने जिथे संपायला हवं त्याच्या दोन-तीनशे मीटर खाली आहे. मग वरचं जंगल गेलं कुठे?

हे कळतं डोंगरातल्या तळ्यांच्या गाळातून. दरवर्षी थोडा थोडा गाळ तळाशी बसतो, त्यात आजूबाजूच्या झाडांचे परागकण, आगीतला कोळसा, सगळं अडकून राहतं. नळी घालून तो गाळ उभाच्या उभा बाहेर काढतात आणि थर-थर करून वाचतात. त्यात दिसतं असं की ठरावीक थरांपासून आरोला पाइनसारख्या झाडांचे परागकण कमी होत जातात, गवताचे वाढतात, कोळसा वाढतो, चराईच्या जागी माजणाऱ्या वनस्पती येतात, आणि जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणूही सापडायला लागतात. यातली एखादी गोष्ट एकटी दिसली असती तर वीज पडली असेल, हवा थंड झाली असेल असं म्हणता आलं असतं, आणि त्या काळात हवामान थंड होत गेलं हेही खरंय, पण थंडीने शेण कुठून येणार? नवाश्मयुगात, म्हणजे शेती-पशुपालन आलं त्या काळात, याची सुरुवात दिसते, आणि पुढे कांस्ययुगात, साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून, अनेक ठिकाणी जोर वाढतो. लार्चचं मला विशेष वाटतं. या झाडाला मोकळं ऊन लागतं, त्यामुळे आजूबाजूची दाट झाडं गेली की ते फोफावतं. आज ज्या विरळ लार्चच्या बनांत लोक फोटो काढतात त्यातली कितीतरी अशी चराईने राखलेली आहेत.

"दगडी हत्यारांनी काय होणार" याला उत्तर सोपं आहे, डोंगर बदलायला हत्यार लागतच नाही, आग लागते आणि बकरीचे दात लागतात. जाळलेल्या जागी रोप उगवलं की बकरी खाते, असं शेकडो वर्षं चाललं की जंगल परत येत नाही. शिवाय कांस्ययुगात साल्झबुर्गजवळ मिटरबर्गला तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या, तिथे आग पेटवून खडक तडकवायचे आणि धातू गाळायलाही लाकूडच जाळायचं. ऑस्ट्रियातल्याच हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत तर आख्खा लाकडी जिना सापडलाय, इसवी सनपूर्व १३४४ च्या सुमाराचा.

राहिलं "माणसं-गुरं हटवा". जिथे चराई थांबली तिथे काय होतं ते दिसतंच आहे, हिरव्या आल्डरची झुडपं पसरतात, ती जमिनीत नायट्रोजन वाढवतात आणि कुरणातली फुलझाडं झपाट्याने कमी होतात. म्हणजे फोटोतलंच दृश्य जातं. त्यातल्या काही जागा जंगलाला परत द्याव्यात असं कुणाला वाटलं तर तो वेगळा आणि रास्त विचार आहे, पण मग "आहे तसंच टिकेल" असं सांगू नका.

ओट्झी सापडला त्याच्या जवळच्याच खिंडींतून आजही दर जूनमध्ये इटलीच्या श्नाल्स खोऱ्यातले मेंढपाळ हजारो मेंढ्या बर्फातून पलीकडे ऑस्ट्रियातल्या कुरणांवर नेतात आणि सप्टेंबरमध्ये परत आणतात. पुढच्या वेळी तो फोटो टाकाल तेव्हा खाली हेही लिहा.