बायोस अपडेट फसले म्हणजे मदरबोर्ड गेला? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

आमच्या तालुक्यातील सेवा केंद्रचालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेल्या पावसाळ्यापासून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: बायोस अपडेट चालू असताना लाइन गेली की लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, कायमचा बाद होतो, पेनड्राइव्हने तो परत सुरू होतो ही व्हिडिओवाल्यांची थाप आहे, फार तर आतला सेल काढून पाहावा, नाहीतर नवा बोर्ड टाकावा, आतला सगळा डेटा गेला असेच समजावे, आणि म्हणून बायोस अपडेट कधीही करू नये. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी संगणक दुरुस्तीचे काम करतो. या संदेशावर भरवसा ठेवून लोकांनी चांगले लॅपटॉप कपाटावर टाकून दिलेले मी पाहिले आहेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला गरजेचे वाटते. शेवटच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, तेही सांगेन.

पहिला मुद्दा मदरबोर्ड बाद होण्याचा. बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारी, मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये लिहून ठेवलेली आज्ञावली. ही चिप बहुधा आठ पायांची आणि तुरीच्या दाण्याएवढी असते, आणि अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तिची क्षमता १६ किंवा ३२ एमबी, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या चार-सहा फोटोंएवढी असते. अपडेट करणे म्हणजे या चिपवरचा जुना मजकूर पुसून तिथे नवा लिहिणे. मध्येच खंड पडला तर मजकूर अर्धवट राहतो, पण त्यामुळे चिप जळत नाही, प्रोसेसर जळत नाही आणि बोर्डावरच्या इतर भागांना काहीही होत नाही. सातबाऱ्यावरची नोंद अर्धवट राहिली म्हणून शेत वाहून जात नाही, तसेच हे आहे.

ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९९८ साली पसरलेल्या सीआयएच या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक संगणकांच्या बायोसवरच घाला घातला होता, आणि त्या काळच्या कित्येक यंत्रांत चिप काढून दुसरी बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यानंतरच्या काळात उत्पादकांनी चिपचा एक छोटा भाग राखीव ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ केली. बूट ब्लॉक म्हणून ओळखला जाणारा हा भाग नेहमीच्या अपडेटमध्ये सहसा शेवटपर्यंत शाबूत राहतो, आणि मुख्य बायोस वाचता आले नाही तर यूएसबीवर योग्य फाइल आहे का, एवढे पाहण्यापुरती बुद्धी त्याच्यात असते. संदेश लिहिणाऱ्याची माहिती बहुधा सीआयएचच्या काळापाशीच थांबलेली आहे.

दुसरा मुद्दा लाइन जाण्याचा, आणि आपल्याकडे तोच सर्वांना पटतो, कारण जून ते सप्टेंबर या काळात दिवसातून किती वेळा लाइन जाईल याचा नेम नसतो. पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हे या वाक्यात विसरले गेले आहे. बॅटरी धड असेल तर अपडेट चालू असताना लाइन गेल्याने काहीही बिघडत नाही. खरी अडचण अशी की आपल्याकडच्या केंद्रांतले लॅपटॉप वर्षानुवर्षे अडॅप्टरला बांधलेले असतात आणि त्यांच्या बॅटरीत पाच मिनिटांचाही जीव उरलेला नसतो. बहुतेक कंपन्यांचे अपडेट साधन अडॅप्टर लावलेला आणि बॅटरीत ठरावीक चार्ज असल्याशिवाय कामाला सुरुवातच करत नाही, ते याचसाठी.

गेल्या जुलैत, पीकविम्याचे अर्ज भरण्याची मुदत संपायला चार दिवस असताना, जवळच्या गावातले एक केंद्रचालक रात्री साडेनऊला माझ्याकडे आले. लॅपटॉप त्यांनी युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून दुचाकीवर आणला होता, कारण वाटेत पाऊस होता. अपडेट साधनाने बॅटरीची तक्रार करून नकार दिला, तेव्हा ती तपासणी वगळण्याची युक्ती त्यांनी एका व्हिडिओत पाहिली आणि वापरली. पुढे इन्व्हर्टरवर भार पडून तो क्षणभर बंद झाला. आता पॉवरचा दिवा लागत होता, पंखा फिरत होता, स्क्रीन काळी होती आणि कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत होता. शहरातल्या एका दुकानाने फोनवरच नव्या बोर्डाचे चौदा हजार सांगितले होते. ‘‘भाऊ, बोर्ड गेला म्हणतात,’’ एवढेच ते बोलले. बोर्ड गेला असता तर तो दिवा असा शिस्तीत लुकलुकला नसता. बायोस बिघडल्याची खूण अनेक लॅपटॉप अशाच ठरावीक लुकलुकीतून देतात, आणि किती वेळा लुकलुकले म्हणजे काय, हे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

काळ्या स्क्रीनबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अपडेटनंतर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी नव्याने करतो आणि तेवढा वेळ, कधी कधी कित्येक मिनिटे, स्क्रीन काळीच राहू शकते. घाबरून त्या वेळी पॉवरचे बटण दाबून धरणारा माणूस न फसलेले अपडेट स्वतःच्या हाताने फसवत असतो. माझ्या अंदाजाने आमच्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच यातल्याच असतात. अर्धा तास वाट पाहण्याने काहीही बिघडत नाही.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: पेनड्राइव्हची थाप. केंद्रचालकांनी पेनड्राइव्ह लावून पाहिला होता आणि काही झाले नव्हते, त्यामुळे संदेश त्यांना खराच वाटला. त्यांचा पेनड्राइव्ह मी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिला. तो ६४ जीबीचा होता, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात लग्नाचे व्हिडिओ होते, अर्जांच्या पीडीएफ होत्या आणि त्या गर्दीत कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली अपडेटची फाइल जशीच्या तशी टाकलेली होती. बूट ब्लॉकमधली ती इवलीशी आज्ञावली असला पेनड्राइव्ह वाचूच शकत नाही. तिला सहसा फक्त फॅट ३२ ही पद्धत कळते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर तिच्या लेखी पेनड्राइव्ह रिकामा असतो. शिवाय संकेतस्थळावरची फाइल म्हणजे विंडोजमध्ये चालवण्याचे गाठोडे असते; बायोसचा प्रत्यक्ष मजकूर त्याच्या आत असतो, आणि तो कोणत्या नावाने, कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरवलेले असते.

एचपीच्या बाबतीत हे सोपे आहे. त्याच मॉडेलची फाइल दुसऱ्या कोणत्याही विंडोज संगणकावर चालवली की रिकव्हरी पेनड्राइव्ह तयार करण्याचा पर्याय येतो आणि फोल्डर, नावे वगैरे सर्व तेच साधन बघून घेते. मग बंद लॅपटॉपला अडॅप्टर आणि पेनड्राइव्ह लावून विंडोज आणि बी ही दोन बटणे एकत्र दाबून ठेवायची, त्याच स्थितीत पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडायचे, पण ती दोन बटणे मात्र बीप ऐकू येईपर्यंत किंवा स्क्रीनवर काही दिसेपर्यंत सोडायची नाहीत. काही मॉडेलमध्ये बी ऐवजी व्ही लागते. डेलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये उतरवलेल्या फाइलचेच नाव बदलावे लागते: इंग्रजी अक्षरांत बायोस, मग अंडरस्कोर, मग आयएमजी, आणि टिंबानंतर आरसीव्ही. नंतर अडॅप्टर काढून कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचे आणि तसेच धरून अडॅप्टर लावायचा. रिकव्हरीची स्क्रीन आली की बटणे सोडायची. इतर कंपन्यांची बटणे वेगळी असतात आणि ती त्यांच्या मदत पानांवरूनच घ्यावीत. व्हिडिओत एका लॅपटॉपची बटणे दाखवून ‘‘सर्वांना चालते’’ असे सांगणारा माणूस संदेश लिहिणाऱ्याइतकाच दोषी आहे, हे माझे स्पष्ट मत आहे.

त्या रात्री मी एक जुना ८ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केला. लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या पूर्ण मॉडेल क्रमांकाची फाइल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवली. नुसते मालिकेचे नाव पुरत नाही, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळे बोर्ड असू शकतात. पहिल्या दोन प्रयत्नांत काहीच झाले नाही. तिसऱ्यांदा पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावला, तेव्हा बटणे धरल्यावर काही सेकंदांनी त्याचा निळा दिवा चमकू लागला, पंखा एकदम जोरात फिरला आणि मिनिटाभराने स्क्रीनवर पांढरी पट्टी सरकू लागली. पट्टी संपल्यावर यंत्र बंद पडले, आपोआप सुरू झाले आणि पुन्हा तीन-चार मिनिटे काळेच राहिले. केंद्रचालकांचा हात एकदा बटणाकडे गेला होता. तो मी धरला. मग कंपनीचे चिन्ह उमटले.

सेल काढण्याचा चौथा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. तो नाण्यासारखा सेल बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ जपतो. चिपवरचा मजकूर विजेशिवायही टिकतो. म्हणून सेल काढल्याने चुकीची सेटिंग मूळपदावर येऊ शकते, पण अर्धवट लिहिलेला मजकूर पूर्ण होत नाही. कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये असा वेगळा सेल असतच नाही, आणि तो शोधण्याच्या नादात मागचे झाकण उचकटून कीबोर्डची पट्टी तोडून आणलेले लॅपटॉप मी दुरुस्त केलेले आहेत.

पाचवा मुद्दा डेटाचा. फायली हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात आणि बायोसची चिप तिच्यापासून पूर्णपणे वेगळी असते, त्यामुळे बायोस बिघडल्याने एकही फाइल पुसली जात नाही. परंतु संदेशात नसलेला एक धोका इथे खरोखर आहे. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल, आणि नव्या लॅपटॉपमध्ये ते अनेकदा मालकाला न कळवताच चालू झालेले असते, तर बायोस बदलल्यावर लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी क्रमांक मागू शकतो. तो क्रमांक लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेला असतो. आमच्या केंद्रचालकांच्या लॅपटॉपनेही तो मागितला, आणि खाते तर पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाच्या नावाचे निघाले. रात्री अकराला मुलाने फोनवरून ४८ आकडे वाचून दाखवले आणि वडिलांनी ते पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. हा क्रमांक ज्यांच्याजवळ नाही, त्यांच्यासाठी डिस्कवरचा डेटा असूनही नसल्यासारखाच. म्हणून अपडेटपूर्वी क्रमांक लिहून ठेवावा आणि बिटलॉकर तात्पुरते थांबवावे.

पेनड्राइव्हने काम झाले नाही तर नवा बोर्ड, हा सहावा मुद्दा. पेनड्राइव्हचा उपाय प्रत्येक वेळी लागू पडतो असे मी म्हणत नाही. बूट ब्लॉकच पुसला गेला असेल किंवा त्या मॉडेलला ही सोयच नसेल, तर तो लागू पडणार नाही. पण तेव्हाही बोर्ड बदलण्याआधी एक पायरी शिल्लक असते. प्रोग्रामर नावाचे छोटे उपकरण चिमट्याने चिपला जोडून तिच्यावर थेट लिहिता येते, आणि सीएच३४१ए हे स्वस्तातले उपकरण दुरुस्ती करणाऱ्या बहुतेकांकडे असते. मात्र हे काम घरी करण्याचे नाही. अनेक नव्या लॅपटॉपमधील चिप १.८ व्होल्टवर चालते आणि योग्य जोडणी न लावता तिला जास्त दाब दिला तर ती खरोखरच जळते. शिवाय त्याच चिपमध्ये लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि बहुधा त्याच्यासोबत आलेल्या विंडोजची परवाना-खूणही असते. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या लॅपटॉपची प्रत आणून तिच्यावर ओतणारा कारागीर लॅपटॉप चालू करून देतो, पण या खुणा पुसून टाकतो. जाणकार माणूस आधी बिघडलेल्या चिपची प्रत दोनदा वाचतो, दोन्ही सारख्या आहेत का ते ताडून पाहतो, जपून ठेवतो आणि मगच लिहायला घेतो. आपला लॅपटॉप कोणाच्या हाती देताना ‘‘मूळ प्रत काढून ठेवाल का?’’ एवढे जरूर विचारावे. नवा बोर्ड टाकायचाच असेल तर तो या उत्तरानंतर टाकता येतो.

राहिला शेवटचा मुद्दा, बायोस अपडेट कधीच न करण्याचा. आज तो पाळणेही अवघड आहे, कारण अनेक कंपन्यांची बायोस अपडेट विंडोज अपडेटच्या वाटेने ‘फर्मवेअर’ या नावाखाली येतात आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करताना आपोआप बसतात. दुसरे असे की काही दोष बायोस स्तरावरच बुजवावे लागतात. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधील दोषांनंतर कंपन्यांना नवी बायोस द्यावी लागली, आणि २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेला लोगोफेल हा दोष तर सुरुवातीला दिसणाऱ्या चिन्हाचे चित्र वाचणाऱ्या बायोसच्या भागातच होता. लॅपटॉप सुरू होताना फक्त खात्रीची आज्ञावलीच चालू देणाऱ्या ‘सिक्युअर बूट’ या सोयीची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात, त्यासाठीही काही लॅपटॉपना नवी बायोस लागेल.

तरीही, बॅटरी संपलेल्या लॅपटॉपवर, पावसाळ्यातल्या संध्याकाळी, अर्जांच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात बायोसला हात लावू नये, एवढाच संदेशाचा अर्थ असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता. त्या केंद्रचालकांनी मुदत संपल्यावर नवी बॅटरी बसवून घेतली. सोबत एक ८ जीबीचा पेनड्राइव्हही नेला; त्यात त्यांच्या मॉडेलची रिकव्हरी फाइल आहे आणि दुसरे काहीही नाही.