ताफ्यात कोण बसलंय?

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू असताना सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. आनेवाडी टोलनाक्याच्या पुढे मिलिटरीच्या गाड्यांची रांग दिसली म्हणून गावातल्या एका पोराने मोटारसायकल बाजूला घेतली, व्हिडिओ काढला आणि खाली 'जय हिंद' लिहून ग्रुपवर टाकला. एका निवृत्त सुभेदारांनी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. लगेच बरीच मंडळी पोराच्या बाजूने उभी राहिली : रस्ता सगळ्यांचा, गाड्या दिवसाढवळ्या चाललेल्या, यात लपवायचं काय? उलट बाजूने, असा व्हिडिओ काढणाऱ्यावर देशद्रोहाचा गुन्हा घाला, इथपर्यंत मजल गेली. सीमेवर काही घडलं की हा विषय पुन्हा निघतो आणि मग मला विचारलं जातं, "तुमच्या तिकडं काय पद्धत आहे?"

तिकडं म्हणजे स्कॉटलंडमध्ये. मी ग्लासगोला राहतो. इथे लष्करी गाड्यांवर नजर ठेवणारी साधी माणसं आहेत आणि ती हे काम कित्येक वर्षं उघडपणे करताहेत. ब्रिटनची अण्वस्त्रं इंग्लंडच्या दक्षिणेला, बर्कशायरमधल्या ऑल्डरमास्टन आणि बर्गफील्ड इथे तयार होतात, तिथेच त्यांची दुरुस्तीही होते. ती वापरणाऱ्या पाणबुड्यांचा तळ मात्र स्कॉटलंडमध्ये फासलेनला आहे आणि अस्त्रांचं कोठार शेजारी कूलपोर्टला. त्यामुळे ही अस्त्रं गडद हिरव्या ट्रकांतून सुमारे 700 किलोमीटर रस्त्याने नेली-आणली जातात. ग्लासगोच्या आसपासच्या मोटरवेवरून, लोकवस्तीच्या शेजारून. ताफा कधी आणि कुठून जाणार हे आधी जाहीर होत नाही. 'न्यूकवॉच' नावाच्या गटाची माणसं पुलावर, रस्त्याकडेला उभी राहून हे ताफे ओळखतात, गाड्या मोजतात आणि लोकांना कळवतात. त्यांच्यात निवृत्त शिक्षक सापडतील, चर्चला जाणाऱ्या आज्या सापडतील.

याची मुळं 1980 च्या दशकात आहेत. नोव्हेंबर 1983 मध्ये बर्कशायरमधल्याच ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळावर अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं आली. ती ट्रकांवर चढवून रात्री ग्रामीण भागात नेता येतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, असं तेव्हा सांगितलं जात होतं. आसपासच्या लोकांनी एकमेकांना फोन करून साखळी बांधली आणि सॉल्सबरी प्लेन या लष्करी सरावाच्या माळापर्यंत ताफ्यांचा माग काढला. पत्ता लागतो, हे त्यांनी दाखवून दिलं. अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या 1987 च्या करारानंतर ती क्षेपणास्त्रं परत गेली, शेवटची 1991 मध्ये. करार झाला तो महासत्तांमध्ये, हे मला मान्य आहे. पण आपल्या गावातून काय नेलं जातंय हे विचारण्याचा हक्क त्या गावकऱ्यांनी कधी सोडला नाही, आणि पुढे संरक्षण मंत्रालयाला माहिती अधिकाराखाली उत्तरं द्यावी लागली. 2000 ते 2016 या काळात या ताफ्यांच्या बाबतीत बिघाड, टक्कर वगैरे 180 घटना झाल्याचं मंत्रालयाच्याच नोंदींतून बाहेर आलं. एकाही घटनेत किरणोत्सर्ग झाला नाही असं मंत्रालय म्हणतं. तरीही आपल्या गावाच्या अग्निशमन दलाची काही तयारी आहे का, हा प्रश्न उरतोच आणि तो विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

ग्रुपवरच्या काहींना हे ऐकून आनंद झाला. "बघा, विलायतेत चालतं!" मला मात्र नेमकं याच्या उलट सांगायचं आहे. ब्रिटनच्या ट्रकमध्ये बॉम्ब असतो. आपल्या ट्रकमध्ये माणसं असतात.

14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामाजवळ जम्मू-श्रीनगर महामार्गावर सीआरपीएफच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि 40 जवान गेले. ताफा कुठून, किती वाजता जाणार ही माहिती शत्रूच्या हाती लागणं म्हणजे काय, हे आपल्या देशाने असं पाहिलेलं आहे. सातारा सीमेपासून लांब आहे हे खरं. पण पुण्याहून बेळगावकडे जाणारी लष्करी वाहनं याच महामार्गाने खंबाटकी घाट उतरून, कराडवरून जातात. त्यातली पोरं कुणाची असतात? साताऱ्याला हे विचारावं लागू नये. अपशिंगे गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची 46 माणसं कामी आली. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच निघाली. 2015 मध्ये कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक शहीद झाले, ते पोगरवाडीचे, आणि दोनच वर्षांत त्यांच्या पत्नी लष्करात अधिकारी झाल्या. अशा जिल्ह्यातल्या माणसाने चालत्या ताफ्याचं ठिकाण जगाला सांगावं, हे मला सहन होत नाही.

आणि सांगणारा कोण असतो? आपल्याकडे तो जवळजवळ नेहमी सैन्यावर जीव टाकणारा असतो, आणि अडचण तिथेच आहे. न्यूकवॉचवाल्याला आपण काय बघतोय, कशासाठी बघतोय, हे पक्कं माहीत असतं. त्याने स्वतःशी आणि कायद्याशी त्याचा हिशेब मांडलेला असतो. आपला पोरगा अभिमानाने भरून येतो आणि स्टेटस ठेवतो. मागे टोलनाक्याची पाटी दिसते, वेळ दिसते, गाड्या मोजता येतात. तो व्हिडिओ ग्रुपमधून ग्रुपमध्ये जाऊन पुढे कुणाच्या हाती पडेल, याचा विचार अभिमानाच्या भरात सुचत नाही. 26/11 ला वाहिन्यांनीही वाईट हेतूने काही केलं नव्हतं. पण नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरताना सगळ्या जगाने थेट पाहिले आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही वाहिन्या बघत आत सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाब निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्याच कसाबला पकडून ठेवताना गोळ्या झेललेले तुकाराम ओंबळे साताऱ्याच्याच जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. 26 एप्रिल 2025 ला, पहलगामनंतर चारच दिवसांनी, माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांबरोबर समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही लष्करी हालचाली थेट दाखवू नका असं सांगितलं, त्यामागे हाच अनुभव होता. सुभेदारांचं म्हणणं बरोबर होतं. अगदी बरोबर होतं.

पण पोराला देशद्रोही ठरवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. शासकीय गुपिते अधिनियम 1923 चा आहे, गोऱ्या सरकारने केलेला. त्याच्याही तिसऱ्या कलमात देशाच्या सुरक्षेला बाधक अशा हेतूचा विचार आहे. 'जय हिंद' लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्यात ओढणं हा अन्याय होईल. आणि सरकारी गाड्यांवर नजर ठेवणं म्हणजेच गद्दारी, असं साताऱ्याने तरी म्हणू नये. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसकट, टिकलं ते कशाच्या जोरावर? पोलीस कुठून येताहेत हे गावागावांतून भूमिगतांना कळत होतं म्हणून. गाडी कुणाची, त्यात कोण बसलंय, ती कशाला आलीय, हे त्या माणसांना नेमकं कळत होतं. ती जाण मला परत हवी आहे.

ती नसली की पहाऱ्याचं काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलंय. 1 जुलै 2018 ला धुळ्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या व्हॉट्सॲपवरच्या अफवेपायी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. गावाने 'सावध' राहण्याचाच तो प्रकार होता. संशय आला तर 112 ला फोन करावा आणि बाजूला व्हावं. फोटो काढून ग्रुपवर न्यायनिवाडा मांडू नये.

मग ग्लासगोचं आपल्या कामाचं काय आहे? रस्त्यावरून जाणाऱ्या धोक्याबद्दल प्रशासनाला विचारत राहणं. खंबाटकीच्या 'एस' वळणावर किती अपघात झाले ते गावाकडच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. त्याच महामार्गावरून गॅसचे आणि रसायनांचे टँकर रात्रंदिवस जातात. एखादा उलटला तर शेजारच्या गावाने काय करायचं, जवळचं अग्निशमन केंद्र कुठलं, कुणाला कधी कळवलं जाणार, हे विचारायला लष्करी गुपित फोडावं लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. जवानांची रांग दिसल्यावर मोबाइल खिशात ठेवून हात उंचावणाऱ्या पोरांनी हा अर्ज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करावा. मसुदा मी इथून लिहून पाठवतो, आणि सुभेदारांनी त्यावर पहिली सही करायचं कबूल केलंय.