सौर पॅनल पाऊस पळवत नाहीत

सध्या आमच्या भागातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. सौर पॅनल उष्णता ओढून ढग पळवतात, पॅनलखालची जमीन कायमची नापीक होते, पॅनल बनवताना जळणाऱ्या कोळशाएवढीही वीज ते आयुष्यात देत नाही आणि जगातील लोकांनी सौरऊर्जा नाकारून अणुऊर्जेला कौल दिलेला असल्याने विदर्भानेही अणुवीज केंद्रच मागावे, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून माझ्या मामांनी सरकारी योजनेतून मिळणाऱ्या सौर कृषी पंपासाठीचा आपला 10 टक्के हिस्सा भरायचे थांबवले, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

यातील पावसाचा दावा सर्वांत घातक आहे, कारण पावसाचा खंड सोसलेल्या कास्तकाराच्या मनात तो चटकन रुजतो. आपल्याकडचा पाऊस अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या बाष्पाचा असतो. उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकले की विदर्भात झड लागते. शेकडो किलोमीटर पसरलेल्या त्या ढगांना वावराच्या कोपऱ्यातील दहा-पंधरा पॅनल अडवतील, हे कोणत्या हिशेबाने? पॅनल चालते ते प्रकाशावर. त्यावर पडणाऱ्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा वीज होऊन मोटरीकडे जातो आणि उरलेल्याची बहुतांशी उष्णता होते, जशी ती उघड्या काळ्या जमिनीवरही झालीच असती. एवढे मात्र मान्य करावे लागेल की ॲरिझोनाच्या वाळवंटात झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौर प्रकल्पाच्या आतील हवा रात्री भोवतालच्या रानापेक्षा 3 ते 4 अंशांनी गरम आढळली होती. पण ती मोजणी प्रकल्पाच्या आतील हवेची होती. तिच्यावरून तालुक्याचा पाऊस हटल्याचा निष्कर्ष काढणे ही शुद्ध थाप आहे.

या थापेची किंमत कोण मोजतो, तेही पाहावे. शेतीची वीज पाळीपाळीने रात्री मिळते, तेव्हा हरभऱ्याचे ओलीत करायला माणूस थंडीत बॅटरी घेऊन धुऱ्याने चालत जातो. पायाखाली साप, तुरीच्या ओळीत रानडुक्कर आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघ. सौर पंप रात्री चालत नाही, हा आक्षेप खरा आहे, पण ओलीत दिवसा व्हावे हीच तर आपली वर्षानुवर्षांची मागणी आहे.

जमीन नापीक होण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे पंप बसला आहे त्यांच्या वावरात पावसाळ्यात जाऊन पाहावे. पॅनलखाली गुडघाभर गवत असते आणि ते कापण्याचीच कटकट असते.

कोळशाच्या दाव्याला हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, 2014 चा अहवाल पुरेसा आहे. यंत्रे बनवण्यापासून ती मोडीत काढेपर्यंतचा सगळा हिशेब धरून एका युनिटमागे सुमारे किती कार्बन उत्सर्जन होते, याचे मध्यम आकडे त्यात आहेत: कोळसा 820 ग्रॅम, मोठे सौर प्रकल्प 48 आणि अणुऊर्जा 12. पॅनल बनवताना खरोखर तेवढा कोळसा जळत असता, तर सौर विजेचा आकडा कोळशाच्या जवळपास गेला असता. म्हणजे अणुवीज सौर विजेहूनही स्वच्छ ठरते आणि ती रात्रंदिवस मिळते, हे मलाही नाकारता येत नाही. पण त्यासाठी सौरविजेची बदनामी कशाला?

आता जगाच्या कौलाविषयी. जर्मनीने 15 एप्रिल 2023 रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तेथील एका जनमत पाहणीत बहुसंख्य लोकांनी त्या निर्णयाला चूक म्हटले होते. मजकुरातील अर्धे सत्य एवढेच. इटलीत मात्र जून 2011 च्या सार्वमतात, फुकुशिमाच्या अपघातानंतर तीनच महिन्यांनी, 94 टक्के मते अणुऊर्जेच्या विरोधात पडली. आपल्याच राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाला तेथील लोकांनी कसा विरोध केला, हे सांगायला मजकूर लिहिणारा सोयीस्करपणे विसरला आहे.

शिवाय अणुवीज केंद्र मागितले म्हणून लगेच उभे राहत नाही. तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्राचा करार 1988 चा, बांधकाम 2002 मध्ये सुरू झाले आणि पहिल्या संचाची व्यावसायिक वीज डिसेंबर 2014 मध्ये आली. अशा केंद्राला थंडाव्यासाठी अमाप पाणीही लागते. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्याने चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातीलच संच बंद ठेवावे लागले होते.

सौर पंपाविषयी खरी तक्रार एकच आहे आणि ती या मजकुरात नाही: कंट्रोलर बिघडला की दुरुस्तीला माणूस लवकर येत नाही. योजनेत पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. मामांनी हिस्सा भरावा, हमीचा कागद हाती घ्यावा आणि तक्रार कोणाकडे करायची, हे पुरवठादाराकडून आधीच लिहून घ्यावे.