पुसलं काय आणि उरलं काय: एका प्रतिक्रियेला उत्तर

रेडिओ दुर्बिणींनी काढलेल्या, विश्वातल्या हायड्रोजनच्या नकाशांवरच्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय: ‘आधी आकाशातला नव्व्याण्णव टक्के सिग्नल पुसायचा आणि उरलेल्या गाळाला विश्वाचा नकाशा म्हणायचं. त्यापेक्षा सदाशिव पेठेत कुंडली मांडून घेतलेली बरी. आणि खोडदला जीएमआरटी दुर्बीण असताना कॅनडाच्या दुर्बिणीचं कौतुक कशाला? सगळा सरकारी पैशाचा खेळ.’

शंका विचारा की! पण आधी निकाल देऊन मग शंका विचारायची, ही कुठली पद्धत? लेखाचा मथळा जरा भडक होता, हे मान्य. बाकी बीम (दुर्बिणीला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा) आणि कॅलिब्रेशन (उपकरणाची मापं जुळवणं) यांच्या भानगडींतच माझी नोकरीची वर्षं गेली आहेत, तेव्हा ‘गाळ’ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

तुमचा नव्व्याण्णवचा आकडा उलट भिडस्तच आहे. विश्व प्रसरण पावतं तशा दूरवरून येणाऱ्या लहरी ताणल्या जातात; त्या ताणाचं माप म्हणजे रेडशिफ्ट, आणि रेडशिफ्ट 1 म्हणजे लहर दुप्पट लांब. त्यामुळे तिथल्या हायड्रोजनची 1420 मेगाहर्ट्झची रेषा आपल्यापर्यंत 710 ला पोचते. तिथे आपल्याच आकाशगंगेचं सिंक्रोट्रॉन उत्सर्जन (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे रेडिओ तरंग) काही केल्विन भरतं, आणि हायड्रोजनचा सिग्नल केल्विनच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात. पण पुसताना प्रखरता बघत नाहीत, वारंवारतेबरोबरची चाल बघतात. सिंक्रोट्रॉन सावकाश, एकाच उताराने बदलतं. हायड्रोजनची वारंवारता मात्र अंतर सांगते: 1 मेगाहर्ट्झ सरकलं की विश्वात सुमारे 2.3 कोटी प्रकाशवर्षं पुढेमागे होतं. दीर्घिकांची गर्दी संपून पोकळी लागू शकते. त्यामुळे हायड्रोजनचा सिग्नल चॅनेलागणिक (वारंवारतेच्या दर बारीक पट्ट्यागणिक) हेलकावतो. चॅनेलांचा परस्परसंबंध मांडून त्यातले सगळ्यात मोठे, गुळगुळीत घटक काढून टाकतात, ते या फरकाच्या जोरावर.

अडतं ते उपकरणापाशी. बीमची रुंदी वारंवारतेप्रमाणे बदलते, म्हणून कडेचा प्रखर स्रोत चॅनेलागणिक कमीजास्त दिसतो. डिश आणि तिच्यासमोरचा ग्राहक, म्हणजे फीड, यांच्यात परावर्तन झालं की बँडपासवर (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या उपकरणाच्या संवेदनशीलतेवर) लाटा उमटतात. ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारं) उत्सर्जन गळून आत येतं, आणि वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रात त्याची दिशा वळते (फॅरेडे परिवलन), त्यामुळे तेही वारंवारतेबरोबर डोलतं, थेट हायड्रोजनचं सोंग घेऊन. मग चार घटक काढून भागत नाही, वीस-तीस काढावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर खरा सिग्नलही जातो.

किती जातो ते मोजतात. कृत्रिम सिग्नल खऱ्या डेटातच मिसळायचा (सुटा चालवून उपयोग नाही, कारण कुठले घटक निघणार हे डेटाच ठरवतो), तीच सगळी प्रक्रिया करायची, किती उरला ते पाहायचं आणि तेवढी भरपाई करायची. इथे चुकलं तर काय होतं? दक्षिण आफ्रिकेतल्या ‘पेपर’ दुर्बिणीने 2015 मध्ये ‘हायड्रोजनचा सिग्नल याहून मोठा नाही’ अशी मर्यादा जाहीर केली, ती 2018 मध्ये मागे घेतली गेली. गमावलेला सिग्नल कमी धरला गेला होता. सदाशिव पेठेतल्या कुठल्या ज्योतिषाने मांडलेली पत्रिका मागे घेतली, तेवढं कळवा.

शिवाय उरलेला नकाशा दृश्य प्रकाशातल्या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहतात. त्या सर्वेक्षणात आपलं सिंक्रोट्रॉन नसतं, त्यामुळे गाळ सरासरीत विरतो आणि दोन्हींत सामाईक असेल तेवढंच टिकतं. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीने 2010 मध्ये रेडशिफ्ट 0.8 जवळ हेच करून दाखवलं.

राहिलं कॅनडा. विश्वाच्या सुरुवातीच्या ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या वितरणात सोडलेली खूण, म्हणजे बॅरिऑन दोलनांची 49 कोटी प्रकाशवर्षांची मोजपट्टी, रेडशिफ्ट 1 ला आकाशात अडीच अंश व्यापते. जीएमआरटीच्या 45 मीटरच्या डिशचा बीम 710 ला पाऊण अंशही नाही. कॅनडाची चाइम दुर्बीण म्हणजे 100 मीटर लांब, 20 मीटर रुंद असे चार स्थिर अर्धनळे, पृथ्वी फिरेल तसं आकाश वरून सरकतं. काम वेगळं, यंत्र वेगळं. खोडदच्या डिशनी 2020 मध्ये 7,653 दीर्घिकांचे सिग्नल एकावर एक रचून त्यांच्यातल्या हायड्रोजनचं सरासरी वस्तुमान काढलं; ते चाइमचं काम नव्हे. लेखात यावर अख्खा परिच्छेद आहे, वाचला असतात तर दिसला असता.

सरकारी पैशाबद्दल इथे बोलणार नाही.