लेकराच्या चट्ट्यांवर मेडिकलमधली मिक्स ट्यूब लावू नका

सोलापुरात ऊन तापायला लागलं की तान्ह्या लेकरांच्या मानेत घामोळ्या आणि लंगोटाखाली लाल चट्टे ठरलेले. मग घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जातं, "बाळाला रॅश आलाय, काहीतरी द्या की," म्हणतं, आणि एक ट्यूब घरी येते. मला त्या ट्यूबबद्दलच बोलायचंय.

अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असतं. मागे बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसलं, तर ते स्टेरॉइड. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून सगळ्यांना वाटतं गुण आला. बंद केली की चट्टा परत उठतो, कधी पहिल्यापेक्षा जास्त. बुरशी असली तर लाली दबते आणि बुरशी पसरत राहते. बाळाची कातडी नाजूक, त्यावर घट्ट डायपर, त्यामुळे औषध मोठ्या माणसापेक्षा जास्त अंगात मुरतं. कातडी पातळ होते, फिक्कट पडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी सर्रास मिळतात, आणि वर शेजारणीकडून उसनीही आणली जातात. याचा मला खरंच संताप येतो.

लंगोटाच्या साध्या चट्ट्याला फार काही लागत नाही. ओलं झालं की लगेच बदलायचं, शी झाली तर कोमट पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं. थोडा वेळ लेकरू उघडंच लोळू द्या. मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर. सुगंधी वाइप्स चट्टा असेपर्यंत नकोतच.

आता पाण्याचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे लंगोट एकाच बादलीत खळबळून वाळत पडतात. साबण कापडात राहतो आणि तोच कातडीला चावतो. भांडी-फरशीच्या पाण्यात काटकसर करा, पण लंगोट दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. ऊन तर आपल्याकडे हवं तेवढं आहे, कडक वाळवा.

घामोळ्यांचं कारण घाम. घामाची तोंडं बंद होतात आणि पुरळ उठतं. तरी मे महिन्यात टोपडं, दुपटं, वर शेक-धुरी चालूच! घरातल्या मोठ्यांना दुखवू नका, पण "आई, डॉक्टरांनी सुती झबलंच घालायला सांगितलंय," एवढं म्हणता येतं. घामोळ्यांवर तेल चोपडू नका, डाळीच्या पिठाने रगडू नका. पावडरचा तर ढगच उडतो आणि बाळाच्या श्वासात जातो. ती मी कुठल्याच घरात लावू देत नाही.

जांघेच्या घडीत आतपर्यंत लालभडक आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसले, तर बुरशी असण्याची शक्यता जास्त. तिचं औषध वेगळं, ते डॉक्टरांनीच द्यावं. दोन-तीन दिवसांत चट्टा उतरला नाही, तरीही दाखवा. सिव्हिलला त्वचारोगाची ओपीडी आहे, खासगी फी परवडत नसेल तर तिथे जा. पाण्याचे किंवा पुवाचे फोड, ताप, दूध न ओढणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी निघा. बाळ महिन्याच्या आतलं असेल तर एक रात्रही थांबू नका. आणि घरी आधी काही लावलं असेल तर ती ट्यूब सोबत न्या, डॉक्टरांना नाव वाचता येईल.